किंडलवर फाईल पाठवायचे पैसे द्यायचे का? एक फुकट सेवा, एक पैसेवालं ॲप आणि दादरचं एक दुकान

आधी निकाल सांगून टाकते, ज्याला वेळ आहे त्यानं पुढचं वाचा. ई-रीडरवर, म्हणजे ॲमेझॉनच्या किंडलसारख्या नुसत्या वाचायच्या यंत्रावर, फाईल नुसती वायरलेस पोचवायचे कोणी महिन्याला पैसे मागत असेल तर देऊ नका. फाईल वाचता येईल अशी करून द्यायचे मागत असेल तर घासाघीस न करता द्या, निदान मराठी वाचत असाल तर नक्की द्या. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि विकणारे त्या मुद्दाम एकत्र बांधून विकतात, म्हणून एवढं लिहायला बसले.

माझं काम म्हणजे फोर्टात बसून कोर्टकचेरीच्या कागदांची भाषांतरं करायची. राहायला डोंबिवली. सकाळी डोंबिवलीहून सुटणारी लोकल मिळाली तर बसायला मिळतं, आणि बसायला मिळालं की सीएसएमटीपर्यंत निवांत वाचन होतं. फोनवर वाचलं की दहा मिनिटांत व्हॉट्सॲप उघडलेलं असतं हे मला माझं माहितीये, म्हणून किंडल. आता किंडल म्हणजे फक्त विकत घेतलेली पुस्तकं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, माझ्या किंडलवर विकत घेतलेली पुस्तकं कमी आणि स्वतः पाठवलेल्या फाईली जास्त आहेत. निकालपत्रं, लांबलचक लेख, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साईटवर फुकट मिळणारी जुनी पुस्तकं, ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, भाचीचा प्रोजेक्ट, काय वाट्टेल ते.

तर पहिली सेवा, ॲमेझॉनची स्वतःची सेंड टू किंडल. फुकट आहे. प्रत्येक किंडलला स्वतःचा एक ईमेल पत्ता असतो, शेवटी ॲट किंडल डॉट कॉम असलेला, सेटिंग्जमध्ये सापडतो. त्या पत्त्यावर फाईल जोडून मेल टाकायचा, किंडल वायफायवर आलं की फाईल आपोआप उतरते. अट एकच, ज्या मेलवरून पाठवताय तो पत्ता आधी आपल्या ॲमेझॉन खात्यात मंजूर यादीत टाकून ठेवायचा, नाहीतर कोणीही उठून तुमच्या किंडलवर कचरा टाकेल. एका मेलला जास्तीत जास्त २५ फाईली, सगळ्या मिळून ५० एमबीपर्यंत. त्याहून मोठी असेल तर वेबपेजवरून २०० एमबीपर्यंत टाकता येते. पीडीएफ, वर्ड, साधी टेक्स्ट, फोटो सगळं चालतं, आणि २०२२ पासून ईपब, म्हणजे ई-पुस्तकांच्या फाईलचा सगळीकडे चालणारा प्रकार, पण चालायला लागलं, त्याआधी लोक ईपबचं मोबी, म्हणजे किंडलचा जुना प्रकार, करत बसायचे, आता उलट मोबी बंद झालंय. कधीकधी ‘हे तुम्हीच पाठवलंय ना’ असा एक मेल येतो, त्यातली लिंक ४८ तासांत दाबली नाही तर फाईल जात नाही, नवीन माणूस इथेच अडकतो आणि सेवा बंद पडलीये असं समजतो. किंडल बंद असेल, वायफाय नसेल तरी हरकत नाही, ६० दिवसांपर्यंत ते पोचवायचा प्रयत्न करत राहतं. साठवायला ५ जीबी जागा मिळते, नुसत्या अक्षरांच्या फाईलींना ती आयुष्यभर पुरेल, स्कॅन टाकत बसलात तर नाही.

या सगळ्याचा खरा उपयोग मला माझ्यापेक्षा माझ्या सासऱ्यांमुळे कळला. अप्पांना कॉम्प्युटर येत नाही आणि शिकायचा नाहीये, फोनवरचं बारीक अक्षर दिसत नाही, पण वाचायला दिवसभर काहीतरी लागतं. त्यांचं किंडल माझ्याच खात्यावर आहे. मी ऑफिसातून दुपारी एखादा लेख त्यांच्या पत्त्यावर टाकते आणि पंधरा मिनिटांनी फोन येतो, ‘सूनबाई, तो गिरणगावचा आला, पण मधली दोन पानं डावीकडे सरकलीयेत.’ म्हणजे पोचला पण आणि तपासून पण झाला. केबल लावा, फोल्डर उघडा, कॉपी करा हे त्यांच्याकडून होणं शक्य नाही आणि मी घरी पोचेपर्यंत साडेआठ होतात. तेव्हा वायरलेस ही चैन नाही, ज्या घरात वाचणारा एक आणि फाईल पाठवणारा दुसरा असतो तिथे तीच सेवा आहे. म्हणून ‘केबल आहे की, मग कशाला हवं’ हा वाद मला मान्य नाही.

मग एवढी कामाची गोष्ट असेल तर तिला पैसे का नकोत, असं कोणी म्हणेल. खरं म्हणजे एकेकाळी होतेच. किंडल २००७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आलं तेव्हा ३९९ डॉलरचं होतं आणि त्यात वायफाय नव्हतंच. आत मोबाईलचं कनेक्शन होतं, स्प्रिंट कंपनीच्या नेटवर्कवर, आणि त्याचं महिन्याचं बिल गिऱ्हाइकाला नाही, ते ॲमेझॉन भरायचं. त्याला व्हिस्परनेट म्हणायचे. पुस्तक घेतलंत तर पोचवायचा खर्च पुस्तकाच्या किमतीत गेला. पण तुम्ही स्वतःची फाईल पाठवलीत तर ॲमेझॉनला त्यात काय मिळणार, नेटवर्कवाल्याला मात्र द्यावे लागणार, म्हणून एका फाईलला १० सेंट असा दर ठेवला होता. २००९ च्या मे महिन्यात तो बदलून एमबीला १५ सेंट केला, आणि वरचा तुकडा पूर्ण धरायचा, म्हणजे १.२ एमबीची फाईल असेल तर दोन एमबीचे पैसे. ज्यांना द्यायचे नव्हते त्यांच्यासाठी दुसरा पत्ता होता, त्यावर पाठवलं की रूपांतर केलेली फाईल तुमच्याच मेलवर परत यायची आणि ती तुम्ही केबलनं चढवायची. म्हणजे रूपांतर फुकट, हवेतून पोचवणं विकत.

आपल्याकडची मजा तर अजून वेगळी. २००९ च्या ऑक्टोबरात किंडल शंभरावर देशांत पाठवायला लागले, त्यात भारत होता. ज्यांनी मागवलं त्यांना स्वतःच्या फाईलसाठी अमेरिकेबाहेरचा दर लागायचा, एमबीला ९९ सेंट. तेव्हाच्या डॉलरच्या भावानं पंचेचाळीस रुपयांच्या वर. तीन एमबीची पीडीएफ पाठवली की सव्वाशे-दीडशे रुपये गेले, तेवढ्यात तेव्हा छापील पुस्तक यायचं. आणि पोचणार कशावर, तर बहुतेक ठिकाणी टुजीवरच, कारण खासगी कंपन्यांचा थ्रीजीचा लिलावच २०१० साली झाला. आणि देवनागरी? त्या सुरुवातीच्या यंत्रांवर मराठी अक्षर धड दिसतच नव्हतं. पैसे देऊन चौकोन वाचायचे.

पण मी त्या फीला शिव्या घालणार नाही. कारण तो खर्च खरा होता. परदेशी नेटवर्कवर रोमिंगचा डेटा, त्याचे कोणीतरी कोणालातरी देत होतं, तेवढा भाग तुमच्या कार्डावर यायचा, आणि किती आला ते दिसायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वापरलं तर लागायचे, नाही वापरलं तर शून्य. मंजूर यादीची अट पण त्या काळात पाकिटाशी जोडलेली होती, कारण पाठवणारा दुसराच असला तरी पैसे किंडलच्या मालकाला पडायचे.

मग २०१० मध्ये तिसरं किंडल आलं, त्यात वायफाय आलं, नुसत्या वायफायचं १३९ डॉलरला आणि थ्रीजीचं १८९ ला. वायफायवरून स्वतःच्या फाईली फुकट उतरायला लागल्या. बरोबरच आहे, कारण वायफायचं बिल आता आपणच भरतो. आज तर मुंबईत साध्या रिचार्जवर रोजचा दीड जीबी मिळतो. त्या जुन्या परदेशी दरानं तोच दीड जीबी धरला तर रोजचे दीड हजार डॉलर होतील. म्हणजे तो खर्चच उरला नाही. इंटरनेट माझं, वायफाय माझं, यंत्र माझं, फाईल माझी, आणि मधल्या कोणीतरी ‘पाठवून देतो’ म्हणून महिन्याला पैसे मागायचे हे आपल्याच बिल्डिंगचा जिना चढायला वॉचमननं सुट्टे मागितल्यासारखं झालं.

आणि मागतात. दुसरी सेवा तीच. नाव घेत नाही. वेबवरचा लेख, मेलवरची वृत्तपत्रिका, पीडीएफ, सगळं गोळा करून रोज सकाळी एक गठ्ठा करून किंडलवर टाकतो असं सांगणारं ॲप. महिन्याला दोनशेच्या आत, वर्षाचे एकदम भरले तर सवलत. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीनं घेतलं होतं, तिनं सांगितलं म्हणून मी पण घेतलं. इंग्रजी लेखांचं काम छान करतं, खोटं बोलणार नाही. जाहिराती जातात, फोटो जागेवर राहतात, सकाळी लोकलमध्ये उघडलं की तयार. पण ते करतं काय हे बघितलं तर लेख साफ करतं आणि मग त्याच फुकटच्या ॲट किंडल डॉट कॉम पत्त्यावर मेल टाकतं. मंजूर यादीत त्यांचा पत्ता टाकायला लावतात तेव्हाच कळतं. म्हणजे पोचवणारा वेगळाच आहे आणि तो फुकट पोचवतोय. यांचं काम साफसफाईचं. त्याचे पैसे मागा ना मग, उघड. पण किंमतपत्रकात काय लिहिलंय? फुकट प्लॅनमध्ये ‘डिलिव्हरी’ महिन्याला मोजकीच, पैसेवाल्यात ‘अमर्याद डिलिव्हरी’. साफसफाई दोन्हीकडे तीच.

मराठीचं तर विचारूच नका. एका मराठी दैनिकाचा लेख टाकला तर मधले तीन परिच्छेद गायब आणि ‘हेही वाचा’च्या सगळ्या ओळी जागच्या जागी. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं की तुमची भाषा अजून यादीत नाही. पैसे घेताना मात्र कुठलीही भाषा चालते. वर्ष संपेपर्यंत वापरीन कारण भरून झालेत, मग बंद.

हे एकट्या त्या ॲपचं नाहीये. इन्स्टापेपर, म्हणजे लेख नंतर वाचायला ठेवायची जुनी सेवा, तिनं पण २०२५ मध्ये किंडलला पाठवायची सोय पैसेवाल्या प्लॅनमध्ये नेली. रीमार्केबल नावाची जी कागदासारखी वही असते, तिनं २०२१ च्या ऑक्टोबरात कनेक्ट नावाची वर्गणी आणली, महिन्याला ७.९९ डॉलर, आणि क्लाऊडच्या बऱ्याच सोयी तिच्यामागे टाकल्या. महागाचं यंत्र घेऊन वर हे, म्हणून लोक भडकले, आणि पुढच्याच वर्षी ती २.९९ वर आणून काही सोयी परत मोकळ्या केल्या. मला यातून एवढंच दिसलं की किंमत खर्चावरून ठरलेली नव्हती, नाहीतर वर्षभरात निम्म्याहून खाली आली नसती. उलटी उदाहरणं पण आहेत. पॉकेटबुक आणि कोबो ही पण ई-रीडरच. पॉकेटबुकला स्वतःचा ईमेल पत्ता मिळतो, कोबोच्या काही मॉडेलांवर ड्रॉपबॉक्स आणि गुगल ड्राइव्ह थेट जोडता येतं, कोणी जादा पैसे मागत नाही.

आता फुकटवाल्याची पण थोडी हजामत करू, कारण फुकट आहे म्हणून पाच तारे द्यायची आपल्याला सवय लागलीये. माझे चार. एक तारा कापला तो असा. फुकट गोष्टीत तुमचा शब्द चालत नाही. पैसे देत होते तेव्हा गिऱ्हाईक होते, आता ते देतील तसं घ्यायचं. मोबी बंद केलं, बंद झालं. २६ फेब्रुवारी २०२५ ला ॲमेझॉननं विकत घेतलेली पुस्तकं वेबसाईटवरून कॉम्प्युटरवर उतरवून केबलनं चढवायची सोय काढून टाकली, निघाली. स्वतःच्या फाईली केबलनं टाकणं अजून चालू आहे म्हणून मी निश्चिंत आहे. पण सगळी मदार एकाच फुकट पत्त्यावर ठेवू नका, मूळ फाईल स्वतःकडे एका फोल्डरमध्ये ठेवत चला.

दुसरं, वायरलेस म्हणजे फाईल आधी त्यांच्या सर्व्हरवर जाते, तिथे राहते. माझ्या अशिलांचे कागद, कोणाचा घटस्फोट, कोणाच्या वडिलोपार्जित घराची वाटणी, हे मी कधीच मेलनं किंडलवर टाकत नाही. ते केबलनं, आणि वाचून झालं की डिलीट. ऑफिसातला एक ज्युनिअर बिनधास्त टाकत होता, त्याला सांगितलं, ‘अरे बाबा, तुझ्या स्वतःच्या बँकेचं स्टेटमेंट टाकशील का असं?’ तर म्हणतो, ‘ते तर मी आधीच टाकलंय मॅडम.’ काय बोलणार.

पैसेवाल्या ॲपनं निदान या बाबतीत काही वेगळं दिलं असतं, म्हणजे फाईल कुठेही न साठवता थेट यंत्रावर, तर मी विचार केला असता. तसं नाहीये. उलट फाईल आधी त्यांच्याकडे आणि मग ॲमेझॉनकडे, म्हणजे दोन ठिकाणी.

आता ज्याच्यासाठी खरं म्हणजे लिहायला घेतलं ते दुकान. दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. पत्रिका, लग्नाचे बायोडेटा, प्रबंधांचं बाइंडिंग, सगळी नेहमीची कामं. काका साठीच्या पुढचे असतील, खिळ्यांच्या छापखान्यात सुरुवात केलेले. मी गेले होते अप्पांच्या आठवणींची फाईल घेऊन. अप्पांनी नोकरीत असताना लिहिलेल्या आठवणी नव्वदच्या दशकात कोणाकडून तरी टाईप करून घेतल्या होत्या, त्याची पीडीएफ एका सीडीवर सापडली. किंडलवर तशीच टाकली तर ए-फोरचं पान सहा इंचात, अक्षर मुंगीएवढं. मग मेलच्या विषयात ‘कन्व्हर्ट’ असं लिहून पाठवली, म्हणजे अक्षर मोठंबारीक करता येतं. उघडलं तर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची खूण, डोक्यावर टिंबं असलेली कुठलीतरी युरोपातली अक्षरं, पानंच्या पानं. अप्पा म्हणाले, ‘हे मी लिहिलेलं नाही.’

यात किंडलचा काही दोष नाही आणि हे मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवं. तेव्हाचं टायपिंग श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत व्हायचं. त्यात ‘क’ हा कॉम्प्युटरला ‘क’ म्हणून माहीतच नसायचा, एखाद्या इंग्रजी खुणेच्या जागी ‘क’चं चित्र बसवलेलं असायचं. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, रूपांतरात फॉन्ट काढला की मागची खूण उघडी पडते. काकांनी फाईल उघडली, एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकली, कचरा बघितला आणि म्हणाले, ‘ताई, ही श्रीलिपी. ही सोपी. कन्व्हर्टर आहे. डोकेदुखी नवीन पीडीएफची.’ मला वाटलं उलटं असेल. मग त्यांनी दाखवलं. त्यांच्याकडची अलीकडची, युनिकोडमधलीच (म्हणजे ‘क’ला कॉम्प्युटर ‘क’च म्हणून ओळखतो त्या पद्धतीतली) एक पीडीएफ घेतली आणि त्यातून मजकूर काढला. पानावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते ना, पीडीएफ बऱ्याचदा काढण्याचा क्रम लक्षात ठेवते, लिहिण्याचा नाही. म्हणून ‘किती’ मधली पहिली वेलांटी सुटून आधीच्या शब्दाच्या शेपटीला लागते. रफार एक घर पुढे सरकतो. जोडाक्षराच्या मध्ये जागा पडते. आणि हे प्रत्येक ठिकाणी होत नाही, मधूनमधून होतं, म्हणून एका फटक्यात शोधून बदलता येत नाही, माणसानं वाचावंच लागतं. पंचवीस वर्षं वेलांट्या बघितलेल्या माणसानं.

अप्पांच्या फाईलचं त्यांनी रूपांतर केलं, मग छापून काढलं, मग लाल पेनानं वाचलं, मग कॉम्प्युटरवर दुरुस्त्या करून ईपब करून दिलं, प्रकरणांची यादी दाबली की उघडेल अशी. दर पानाला १५ रुपये, ज्याचा कागदच आहे आणि स्कॅन करून अक्षरं ओळखून काढायचीयेत त्याला जास्त. एकूण चौदाशेच्या आसपास झाले. मी विचारलं, ‘काका, किंडलवर पाठवायचे वेगळे?’ तर माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी चुकीचं बोलले. म्हणाले, ‘त्याचे कसले पैसे ताई? बटण दाबायचे?’ आणि माझ्यासमोर त्यांचा मेल मंजूर यादीत टाकायला लावून पाठवून पण दिलं. घरी पोचायच्या आत अप्पांनी दोन प्रकरणं वाचली होती आणि वाचून काय केलं तर मुद्रितशोधन. एका वहीत चुका लिहून ठेवल्या होत्या, त्यातल्या निम्म्या काकांच्या नव्हत्याच, अप्पांनीच तेव्हा तसं लिहिलं होतं. ते मान्य करायला दोन दिवस गेले.

चौदाशे रुपये म्हणजे त्या ॲपच्या वर्षाच्या वर्गणीच्या आसपासच. पण हे एकदाच, आणि जे मिळालं ते माझं. ते फाईल म्हणून माझ्याकडे आहे, उद्या किंडल मोडलं, सेवा बंद झाली, दुसरं यंत्र घेतलं तरी उघडेल. ॲपचं म्हणजे महिना संपला की गठ्ठा थांबला.

काकांच्या दुकानात कमी काय ते पण सांगते. वेळ लागतो, लग्नसराईत तर विचारू नका, पत्रिकांपुढे बाकी सगळं मागे. दिलेली तारीख ही दिलेली तारीख नसते. कोष्टकं त्यांना जमत नाहीत, ज्या फाईलमध्ये तक्ते आहेत ती देऊ नका. फोटोंचा रंग जातो, पण माझ्या किंडलवर तसाही जातोच. आणि बाजारात मिळणारी पुस्तकं स्कॅन करून मागितली तर ते सरळ नाही म्हणतात, हे मला आवडलं. स्वतःचं लिखाण, घरातले जुने कागद, संस्थेची स्मरणिका वगैरे असेल तर करतात.

ज्यांना पैसे घालायचेच नाहीत त्यांनी घरी करायचं तर कॅलिबर हे सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सोनीच्या रीडरसाठी सुरू केलेलं, आज सगळ्याच रीडरांना चालतं. वर्डमधली युनिकोड मराठी फाईल असेल तर ते व्यवस्थित ईपब करतं आणि तिथूनच किंडलच्या पत्त्यावर मेल पण करतं, एकदा आपला मेल त्यात बसवला की झालं. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर केटूपीडीएफऑप्ट नावाचं आहे, ते अक्षरं ओळखायच्या भानगडीत पडत नाही, पानाचं चित्र कापून, ओळी मोडून सहा इंचाला बसवतं, त्यामुळे वेलांटी हलत नाही. दिसायला जरा ओबडधोबड, पण वाचता येतं. मंडळाची जुनी पुस्तकं मी अशीच वाचते.

आणि बाहेर असताना फाईल उतरत नाही अशी तक्रार बऱ्याच जणांची असते, त्याचं उत्तर पण पैशात नाहीये. स्टेशनवरचं वायफाय किंडलवर लावायचा नाद सोडा, ओटीपीचं पान किंडलच्या ब्राउझरमध्ये उघडेपर्यंत गाडी येते. फोनचा हॉटस्पॉट लावा. जुन्या किंडलना वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा बँड कळतो आणि हल्लीचे फोन बऱ्याचदा आपोआप ५ वर हॉटस्पॉट लावतात, म्हणून किंडलला तो दिसतच नाही आणि माणूस म्हणतो यंत्र बिघडलं. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदला, लगेच दिसेल. दिवा स्टेशनच्या आधी लावलात तर ठाण्यापर्यंत सगळं उतरलेलं असतं.

दादरच्या दुकानात जायचं असेल तर रविवारी बंद, दुपारी दीड ते चार पण बंद, संध्याकाळी सहानंतर गर्दी. फाईल पेनड्राइव्हवर न्या. व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो पाठवू नका, ते दाबून पाठवतं आणि मग अनुस्वार आणि कागदावरचा डाग यातला फरक काकांना पण कळत नाही. कागद असेल तर मूळ कागदच घेऊन जा, आणि कुठल्या वर्षी कोणत्या फॉन्टात टाईप झालंय हे माहीत असेल तर आधीच सांगा, त्यांचे दोन दिवस वाचतात आणि तुमचे पैसे.